एफ कॉर्डची कैफियत

गिटार शिकविण्याचा व्यवसाय करणाऱ्या मनुष्याला जे प्रश्न जन्मभर ऐकावे लागतात, त्यांत ‘सर, सगळ्यांत अवघड कॉर्ड कोणती?’ या प्रश्नाचा मान पहिला. आणि विचारणाऱ्याला बहुधा उत्तराची अपेक्षा नसून, आपण ज्या जागी अडलो आहो ती जागा खरोखरीच दुर्गम आहे असा दाखला शिक्षकाच्या तोंडून हवा असतो. तो दाखला मी कधी नाकारीत नाही. एफ मेजर या कॉर्डने जितक्या हौशी वादकांना परत फिरविले आहे, तितक्यांना परीक्षांनी, नोकऱ्यांनी किंवा शेजाऱ्यांच्या तक्रारींनीही फिरविले नसेल. ई मायनर, ए मायनर, सी, जी, डी एवढ्या भांडवलावर विद्यार्थी दोन-तीन गाणी घरच्यांना ऐकवितो, कौतुक करून घेतो, आणि मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एफशी गाठ पडली की त्याची हजेरी विरळ होऊ लागते. प्रथम ऑफिसातल्या कामाची सबब येते, मग पावसाची, आणि शेवटी गिटार कपाटावर चढते. दादर-गिरगावकडील कित्येक घरांत अशा गिटारी मी पाहिल्या आहेत, आणि चौकशीअंती त्यांतील बहुतेकींच्या मृत्यूचे कारण हेच निघाले आहे.

या कॉर्डचा अपराध कोणता, हे समजण्यासाठी तारांची जुळणी पाहावी लागते. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई अशा लावलेल्या असतात, आणि मोजताना मात्र सर्वांत बारीक तार पहिली व सर्वांत जाड ती सहावी असा शिरस्ता आहे. सी मेजरला सी, ई आणि जी हे तीन स्वर लागतात, त्यांपैकी ई आणि जी मोकळ्या तारांवर आयतेच मिळतात. जी मेजरला डी, जी, बी या लगतच्या तीन तारा मोकळ्याच चालतात. ई मायनरचे काम तर दोन बोटांत भागते. एफ मेजरचे स्वर एफ, ए आणि सी. मोकळ्या तारांपैकी तिच्या उपयोगाची ए ही एकटीच, आणि रूढ मांडणीत तीही दाबूनच वाजवावी लागते. तेव्हा तर्जनी पहिल्या पडद्यापाशी सहाही तारांवर आडवी टाकायची, म्हणजे ज्याला वादक ‘बार’ म्हणतात तो धरायचा, आणि उरलेल्या तीन बोटांनी तिच्या पुढे ई मेजरचा आकार उभा करायचा, असे दुहेरी काम एकाच वेळी हाताच्या वाट्याला येते. बरे, या कॉर्डला वळसा घालून जावे तर तीही सोय नाही. सी ही नवशिक्याची पहिली पट्टी, आणि तिच्या मध्यमावर उभी राहणारी कॉर्ड म्हणजेच एफ. कंटाळून जी पट्टीत जावे तर तिथे बी मायनर, आणि डी पट्टीत जावे तर तिथेही बी मायनर, म्हणजे पुन्हा बारच.

विद्यार्थी यावर जो उपाय योजतो तो सर्वत्र एकच असतो: बळ. तर्जनी म्हणजे लाटणे आहे अशा समजुतीने तो ती तारांवर दाबतो, मागून अंगठा मानेत रुतवितो, खांदा वर चढवितो, श्वास रोखून धरतो, आणि एवढा बंदोबस्त करूनही दुसरी तार मुकी ती मुकीच राहते. अशा वेळी त्याला थांबवून मी प्रत्येक बोटाचा हिशेब मागतो. पाचवी आणि चौथी तार तिसऱ्या पडद्यापाशी अनामिका आणि करंगळी यांनी दाबलेली असते. तिसरी तार दुसऱ्या पडद्यापाशी मध्यमेच्या ताब्यात असते. म्हणजे तर्जनीखाली सहा तारा दिसत असल्या तरी तिच्यावर खरी जबाबदारी सहावी, दुसरी आणि पहिली या तीनच तारांची. मधल्या तीन तारांसाठी जो आटापिटा चालतो तो सर्वस्वी व्यर्थ असतो, कारण त्या जागी तर्जनी सैल राहिली तरी कानाला फरक कळत नाही. बी मायनरमध्ये तर तिच्याकडे पाचवी आणि पहिली एवढ्या दोनच तारा उरतात. एफ मायनरमध्ये मध्यमा उचलली जाते आणि तिसऱ्या तारेचा भारही तर्जनीवर येतो. म्हणून एक बोट कमी लागणारी ही कॉर्ड एफ मेजरहून अवघड आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

हा हिशेब पटला की हाताची ठेवण बदलणे सोपे जाते. तर्जनीचा मांसल, सपाट भाग तारांवर न ठेवता ती अंगठ्याच्या बाजूस किंचित कलती करावी, म्हणजे हाडाजवळची कठीण कड तारांना लागते; बोटाच्या सांध्यांवरील वळी नेमक्या तारेवर येत असतील तर बोट केसभर वर किंवा खाली सरकवावे; आणि ते पडद्याच्या अगदी लगत असावे, कारण तिथे सर्वांत कमी दाबात तार वाजते. राहिला दाब. तो अंगठ्याच्या चिमटीतून न काढता संपूर्ण बाहूच्या भारातून काढावयाचा असतो: उजव्या हाताचा पुढचा भाग गिटारच्या अंगावर टेकलेला असतो, आणि डाव्या बाहूने मान किंचित आपल्याकडे ओढली की तारा आपोआप दबतात. हे तोंडी सांगून कोणाला पटत नाही. म्हणून मी अंगठा मानेपासून पूर्ण दूर करून एफ वाजवून दाखवितो, आणि विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जी अविश्वासाची छटा उमटते ती पाहण्याचा मोह मला अद्याप आवरत नाही.

तथापि हाताची ठेवण कितीही निर्दोष असली तरी वाद्यच बेइमान असेल तर काय, हा धडा मला माझ्या गुरूंकडून मिळाला, आणि माझ्या पुढील शिकविण्याची दिशा त्या एका दुपारी ठरली. ते मूळचे गोव्याचे, धोबी तलावाच्या बाजूस राहणारे, हॉटेलांतील बँडमध्ये आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत उमेदीची वर्षे घालविलेले गृहस्थ होते. बोलणे मोजके आणि तेही मुंबईच्या हिंदीत. माझी एफ वाजत नाही ही फिर्याद त्यांनी बरेच आठवडे ऐकून घेतली होती. त्या दिवशी त्यांनी माझी गिटार मागून घेतली, तिसऱ्या पडद्यापाशी एकेक तार दाबून पहिल्या पडद्यावर तिच्याखाली किती फट राहते ते डोळा बारीक करून पाहिले, आणि मग तारा सैल करून, त्या खाचांतून बाहेर काढून, सुईसारख्या बारीक कानशीने त्या खाचा थोड्या थोड्या खोल करीत गेले. मध्येच तार बसवून पाहावी, पुन्हा काढावी, पुन्हा दोन हात मारावे, असे त्यांचे निवांत चालले होते. तासाभराने वाद्य माझ्या हाती देऊन ते म्हणाले, “हाथ अच्छा है, डब्बा खराब था.” एफ वाजली. म्हणजे अगदी निर्दोष वाजली नाही, परंतु ती एफ आहे हे ऐकणाऱ्याला कळावे इतपत निश्चित वाजली.

मानेच्या वरच्या टोकाशी तारांना खाचांतून बसविणारी जी हाडाची किंवा प्लास्टिकची आडवी पट्टी असते, जिला या व्यवसायात नट म्हणतात, तिची उंची हे नवशिक्याच्या दुःखाचे एक मोठे आणि उपेक्षित मूळ आहे. तार जिथे बांधलेली असते त्या टोकाच्या जितके जवळ जावे तितकी ती दाबण्यास ताठ लागते, आणि एफचा बार नेमका त्या टोकाला खेटून असतो. शिवाय पडद्यांमधील अंतरही तिथेच सर्वांत जास्त: ज्या गिटारवर नटपासून ब्रिजपर्यंतची तार 648 मिलिमीटर असते, तिच्यावर पहिला पडदा नटपासून सुमारे 36 मिलिमीटरवर येतो, तर चौथ्या आणि पाचव्या पडद्यांमधील अंतर सुमारे 29 मिलिमीटरच भरते. हाच आकार पाचव्या पडद्याशी नेला की ए मेजर होते, आणि ती ज्या विद्यार्थ्याला सहज जमते तोच पहिल्या पडद्याशी येताच हतबल होतो. नट वाजवीपेक्षा उंच असेल तर तार दाबताना ताणली जाऊन तिचा सूरही चढतो. म्हणजे इतके कष्ट करून वाजलेली कॉर्ड पुन्हा बेसूरच. स्वस्त गिटारींचा नट कारखान्यात उंचच ठेवलेला असतो, कारण खाच जास्त खोल गेली तर तार पडद्यावर घासून खरखरते आणि गिऱ्हाईक लगेच तक्रार घेऊन येते. उंच नटाबद्दल मात्र कोणी तक्रार करीत नाही, कारण दोष आपल्या बोटांचा आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. त्यात मानेच्या आत लोखंडी सळई नसली तर पोलादी तारांच्या ओढीने ती हळूहळू पुढे वाकते, मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने गिटारचे पोट फुगते, आणि तारा पडद्यांपासून आणखी वर जातात. असे वाद्य हाती देऊन कोवळ्या मुलाला चिकाटीचा उपदेश करणे हे मला शिकविणे वाटत नाही.

त्या दुपारपासून माझा दंडक असा आहे की नवा विद्यार्थी आला की प्रथम त्याच्या गिटारची तपासणी करायची आणि मग त्याच्या हाताची. याबद्दल काही पालकांनी नाखुशीही दाखविली. फी शिकवणीची घेता आणि वेळ कानशीत घालविता, असे एका मातोश्रींनी स्पष्टच सुनावले होते.

माझ्याकडे एक सेवानिवृत्त हिशेबतपासनीस येत असत. सरकारी नोकरीत जन्म गेलेला, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवण्याची सवय, आणि एफ मेजर या विषयाची तर त्यांनी वहीत एक स्वतंत्र बाकीच मांडली होती. त्यांच्या पत्नी भावगीते गात, आणि त्यांना साथ करावी एवढीच या गृहस्थांची आकांक्षा होती. बाईंचा आवाज वयोमानाने उतरून पांढरी चारवर स्थिरावला होता. आणि पेटीवरची पांढरी चार म्हणजे एफ. अर्थात त्यांच्या षड्जावरच एफ मेजर येऊन बसली होती, आणि पुढे बी फ्लॅट, जिच्यापुढे एफ ही सौजन्याची मूर्ती म्हणावी. साठी उलटलेल्या, सांध्यांत कडकपणा आलेल्या बोटांना ही शिक्षा करण्याचे मला काही कारण दिसेना. मी तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सहाही तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून दिला. आता डीचा आकार धरला की एफ वाजते, जीचा धरला की बी फ्लॅट, आणि एचा धरला की सी. तिन्ही आकार त्यांना पाठ होते. साथ त्याच आठवड्यात सुरू झाली. परंतु ती चिमट्यासारखी वस्तू त्यांच्या तत्त्वनिष्ठेला रुचली नाही. हा लबाडीचा जमाखर्च आहे, असे त्यांनी मला ऐकविले. मी त्यांना सांगितले की गाणाऱ्याचा सूर सांभाळणे हा साथीदाराचा पहिला धर्म आहे आणि त्याने तो कोणत्या साधनाने सांभाळला याची चौकशी श्रोते करीत नाहीत. त्यांना हे पटले असे नाही. पण बाईंना कॅपो आवडला, आणि त्या घरात अंतिम मंजुरी बाईंची असे.

कॉर्ड एकटी वाजणे आणि गाण्यात वाजणे यांतील अंतर मला विद्यार्थ्यांनीच शिकविले, विशेषतः दुसरे वाद्य वाजविणाऱ्यांनी. सतार शिकलेल्या एका मुलीची बोटे घट्टे पडून इतकी पक्की झालेली होती की तारांचा त्रास तिला मुळीच नव्हता. परंतु मींड घेण्याच्या सवयीने ती दाबलेली तार नकळत बाजूला ओढी, आणि तिची साधी सी मेजरसुद्धा वर चढून विस्कटे. तिला जोर कमी करायला शिकविण्यात जितका काळ गेला तितका इतरांना जोर वाढविण्यात जात नाही. याच्या उलट एक तबलजी. त्याची लय पोलादासारखी, उजवा हात एका मात्रेचीही सवलत देईना, आणि डावा हात बिचारा एफवर पोचण्यापूर्वीच सम येऊन जाई. त्याने विचारले, मधला वेळ आणायचा कुठून? तेव्हा मी त्याला या व्यवसायातील एक जुनी युक्ती दाखविली: आवर्तनाच्या शेवटच्या अर्ध्या मात्रेला डावा हात आधीच उचलायचा, उजवा चालूच ठेवायचा, आणि त्या क्षणी मोकळ्या तारा वाजल्या तर खुशाल वाजू द्यायच्या. उत्तमोत्तम वादक हे करतात आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. समेवर चारही बोटे पोचली नाहीत तरी चालेल, पण हात पोचला पाहिजे. तबल्याच्या भाषेत सांगितलेली ही गोष्ट त्याला जशी तत्काळ कळली तशी मला ती माझ्या कोणत्याही शिक्षकाने सांगितली नव्हती. नवशिक्यांची खरी अडवणूक कॉर्डमध्ये नसते, एका कॉर्डवरून दुसरीवर जाण्याच्या त्या निमिषात असते, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले; आणि म्हणून एफ घटकाभर धरून बसण्याचा अभ्यास मी बंद करविला व सीवरून एफवर आणि एफवरून सीवर असे संथ लयीत येणे-जाणे सुरू करविले.

आपल्याकडील शिकणाऱ्यांच्या वाटेत आणखी एक अडसर आहे, आणि तो बोटांचा नसून कानांचा आहे. तंबोऱ्याच्या अखंड षड्ज-पंचमावर वाढलेल्या कानाला सुरांचा आधार स्थिर असतो, हालते ती वरची स्वरावली, अशी सवय असते. कॉर्डच्या संगीतात तो आधारच जागा बदलतो. मराठी रंगभूमीने पेटी आणि ऑर्गन ही पाश्चात्त्य बनावटीची वाद्ये स्वीकारली, परंतु त्यांच्यावर एकेरी सुरावटच प्रामुख्याने वाजविली. स्वरांची ही सामुदायिक हालचाल सामान्य मुंबईकराच्या कानांत शिरली ती बहुतांशी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून, आणि ती तेथे आणणाऱ्यांत चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या गोमंतकीय वादकांचा वाटा फार मोठा आहे. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी संगीतकारांच्या चालींना जे स्वरसंयोजन पुरविले, त्याच्याविना आपल्या गिटारशिकाऊंना एफ कुठे येते हे कानाने कधीच ओळखता आले नसते. म्हणून जो विद्यार्थी बोटांनी अडला आहे त्याला मी पुष्कळदा गिटार बाजूला ठेवून, जुन्या गाण्यातील सर्वांत खालचा सूर कुठे सरकतो तेवढेच ऐकायला लावतो. बदल येणार हे कानाला आगाऊ कळले की हात वेळेवर निघतो. उलट रागदारीच्या अंगाने बांधलेल्या गाण्यांत जिथे तिथे कॉर्ड पेरण्याची अलीकडची हौस मला मान्य नाही. यमनाच्या तीव्र मध्यमाखाली धडाधड मेजर कॉर्ड आपटणाऱ्या वादकापेक्षा एक पंचम छेडून गप्प बसणारा मला अधिक संगीतज्ञ वाटतो.

अंगठ्याबद्दल वाद आहे, त्याचाही निकाल इथेच देतो. अभिजात परंपरेत अंगठा मानेच्या मागेच हवा. परंतु जिमी हेन्ड्रिक्स अंगठा वरून वळवून सहावी तार त्यानेच दाबीत असे, आणि तर्जनीला बारमधून मुक्त करी. ज्याचा पंजा मोठा आणि गिटारची मान अरुंद, त्याने हे अवश्य करावे. ज्याचा पंजा लहान, त्याने सुरुवातीला खालच्या चारच तारांवरची छोटी एफ वाजवावी. तीत तर्जनीला दोनच तारा दाबाव्या लागतात आणि स्वर तिन्ही मिळतात. जँगो राइनहार्टचा डावा हात 1928 साली आगीत भाजला आणि त्याच्या अनामिका व करंगळी जवळजवळ निकामी झाल्या. तरी त्यानंतर त्याने जगातील अग्रगण्य जॅझ गिटारवादकांत स्थान मिळविले, आणि ते मिळविताना कॉर्डच्या रूढ मांडण्या बाजूला सारून आपल्या हाताला मानवतील अशा मांडण्या शोधल्या. हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना स्फूर्तीसाठी सांगत नाही, कारण स्फूर्ती दुसऱ्या दिवशी उतरते. मांडणी हाताला अनुसरून बदलण्याचा अधिकार वादकाला आहे, एवढ्याच मुद्द्यासाठी सांगतो.

दुखण्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. बोटांच्या टोकांची आग काही आठवड्यांत घट्टे पडून शमते, ती सोसावी. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटात किंवा कोपराकडे उठणारी कळ सोसू नये. ती उठली की गिटार खाली ठेवावी, हात झटकून मोकळा करावा, आणि बारचा अभ्यास थोडा थोडा, दिवसातून अनेकदा करावा. ‘दुखल्याशिवाय येत नाही’ असे म्हणणाऱ्या शिक्षकांनी माझ्या माहितीतील दोन चांगले हात कायमचे बिघडविले आहेत.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. माझ्या मते सर्वसाधारण गाण्यांत भेटणाऱ्या कॉर्डपैकी सर्वांत अवघड बी फ्लॅट आहे, कारण ती एफसारखीच पहिल्या पडद्याशी असून तिसऱ्या पडद्यापाशी तीन लगतच्या तारा तीन बोटांनी खेटून किंवा एकट्या अनामिकेने आडव्या दाबाव्या लागतात. तिच्या खालोखाल बी मेजर, आणि एफ तिसरी. एफची बदनामी अधिक झाली ती केवळ वाटेत पहिली भेटते म्हणून. ज्यांना ती अद्याप वाजत नसेल त्यांना माझी एवढीच विनंती आहे की हाताला दोष देण्यापूर्वी पहिल्या पडद्यावर कॅपो लावावा आणि एफचा तोच आकार एक पडदा पुढे धरून पाहावा. तिथे तो सहज वाजला तर दोष उंच नटाचा आहे. गिटार जाणत्या कारागिराकडे न्यावी आणि खाचा बेताच्या करून घ्याव्या. स्वतः कानस चालवू नये, कारण खाच एकदा जास्त खोल गेली की नट बदलावा लागतो.